‘लिहिलं गेलं नाही’ म्हणणारे मास्तर

मास्तर, परवा तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माझं नाव पुकारलं होतं. उठले, माईकपर्यंत गेले आणि तशीच परत येऊन बसले. लोकांना वाटलं, पोरीला रडू आलं. रडू नव्हतं आलं, राग आला होता. माझ्याआधी चार जण बोलले आणि चौघांनीही तुमचं कौतुक एकाच वाक्यात उरकलं: मास्तरांनी आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

हे खोटं आहे. साफ खोटं. तुमच्याइतका नाही म्हणणारा माणूस मी आख्ख्या रत्नागिरीत दुसरा पाहिला नाही. मला तुम्ही पहिल्याच भेटीत नाही म्हणालात. कचेरीच्या साहेबांची यादी तुम्ही भर सुनावणीत मानली नाहीत. आणि तुम्ही लिहिलेला तो प्रोग्राम, ज्याचं कुणी सभेत नावही काढलं नाही, त्याचं सगळं मोठेपण तर एका नकारातच आहे. तो नकार पुसून, तुम्हाला हार घालून, गोड हसणारा म्हातारा म्हणून भिंतीवर टांगायचं चाललंय. मी ते होऊ देणार नाही.

म्हणून हे लिहिते आहे. आमच्या समितीच्या पत्रकात छापणार आहे. आणि यात माझ्या एका चुकीची गोष्टही आहे. ती तुम्हाला माहीत होती, पूर्णगडच्या बायकांना मी सांगितली नव्हती. तीही लिहिणार आहे.

आपली ओळख झाली ती माझ्या पत्रकामुळेच. खाडीच्या तोंडाशी बोटींचा धक्का बांधायचा घाट सरकारने घातला होता आणि त्यासाठी किनाऱ्यावरची मासे सुकवायची जागा घेणार होते. पूर्णगडच्या बायका आज्या-पणज्यांपासून तिथे बांगडे नि कोळंबी वाळत घालत आल्या. ज्यांची नावं यादीत, त्यांना दुसरीकडे जागा मिळणार. ज्यांची नाहीत, ती माणसं त्या किनाऱ्यावर कधी नव्हतीच, असं सरकार धरणार. ही यादी त्यासाठी नेमलेल्या कचेरीने नव्या कोऱ्या संगणकावर केली. देश एकविसाव्या शतकात नेण्याची भाषणं रेडिओवर रोज चालू होती, आणि आमच्या वाट्याला त्या शतकातला हा कागद आला: दोन्ही कडांना भोकं पाडलेला, लांबलचक, इंग्रजी अक्षरांत छापलेला. फलकावर लावला होता. पूर्णगडची नावं नीट सुरू होत होती आणि एका नावाच्या मध्यावर तुटत होती. शेवटची ओळ होती ‘चंद्रभा’. त्याखाली लगेच ठळक अक्षरांत ‘काम पूर्ण’.

ती चंद्रभा म्हणजे आमची चंद्रभागाकाकी. ती माझ्या शेजारी उभी होती, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “माजा अर्दाच नाव हाय, मग जागा पन अर्दीच देतील काय गो बाय?” आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. तिच्यापुढच्या घरांचं तर अर्धंही नाव नव्हतं. कचेरीत विचारलं तर उत्तर आलं, तुमच्या लोकांनी अर्जच भरले नसतील, यंत्र चुकत नाही.

घरी जाऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा ‘आमची नावं कुणी गिळली?’. दुसऱ्या दिवशी प्रती काढायचं स्टेन्सिल टाइप करून, म्हणजे कापून घ्यायला पेठेबाईंच्या टायपिंगच्या क्लासात आले. तारघरातून निवृत्त झाल्यावर तुम्ही तिथे बसत होता. पेठेबाईंनी हौसेने एक संगणक घेऊन ठेवला होता. त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड घालून ठेवायच्या आणि त्याला हात लावायची हिंमत तुमच्याशिवाय कुणी करायचं नाही. तुम्ही माझं पत्रक एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलंत. टाइपरायटरवर स्टेन्सिल चढवलंत. मग बोट एका वाक्यावर थांबलं. वाक्य होतं: ‘कचेरीने ठरवून आमची नावं उडवली.’

तुम्ही म्हणालात, एवढं वाक्य मी स्टेन्सिलवर कापणार नाही.

मी उसळले. तुम्ही सरकारी पेन्शन खाणारे, तुम्ही कचेरीचीच बाजू घेणार, असं काहीबाही बोलले. तुम्ही चष्मा पुसत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “चोर अर्धं नाव चोरत नाही गो. उडवायचं तर आख्खं उडवेल. हे अर्धं राहिलंय. हे लिहिताना तुटलंय.”

आज कबूल करते, त्या वाक्याने माझ्या पत्रकातली हवा गेली. आणि राग आणखी वाढला.

मग तुम्ही कापड काढून तो संगणक चालू केलात आणि मला शिकवायला बसलात. मी शिकायला आलेली नव्हते, भांडायला आलेली होते, पण तुम्ही दोन्हीला एकच चहा मागवलात. यंत्राला ‘हे लिही’ म्हटलं की ते लगेच ‘हो’ म्हणतं. पण त्या वेळी फ्लॉपीच्या चकतीवर काहीच उतरलेलं नसतं. चार नावं ते आधी आपल्या तात्पुरत्या आठवणीत धरतं, आणि सवडीने, एकदम, चकतीवर उतरवतं. चकती भरली असली, तिच्यावर बुरशी धरली असली, वीज खालीवर झाली, तर ते उतरत नाही. खरं काय झालं ते कळतं फाईल बंद करताना. “आणि नेमकं तेव्हा,” तुम्ही म्हणालात, “माणूस खुर्चीवरून उठलेला असतो.” लिहिता आलं नाही तर यंत्र विचारतं: थांबू, पुन्हा करून बघू, की दुर्लक्ष करू? कचेरीत तिसरं बटण दाबलं गेलं असणार, कारण तिसऱ्यानेच काम पुढे सरकतं. मग प्रोग्राम आपला शेवटच्या ओळीवर जातो आणि ‘काम पूर्ण’ छापतो. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की आधी विचार, झालं का?

“गाऱ्हाणं ऐकलंस ना देवळात?” तुम्ही विचारलंत. “गुरव काय मागतोय इकडे कोण ऐकतो? त्याचा श्वास थांबला की सगळे म्हणतात, होय महाराजा. हा प्रोग्राम तसला आहे. होय-महाराजा प्रोग्राम.”

पेठेबाई टायपिंगच्या मुलींना दरडावता दरडावता हसल्या. तो शब्द मी त्याच आठवड्यात पत्रकात वापरला आणि तुमचं नाव दिलं नाही. माफ करा. पत्रकवाले असेच असतो.

तारघरातली तुमची शिस्त मला त्या दिवसांत कळली. महत्त्वाची तार असली की पलीकडचा मास्तर ती शब्द न शब्द उलट वाजवून दाखवणार. इकडे मूळ कागदावर बोट ठेवून जुळवून बघायचं. जुळलं की मगच तार गेली म्हणायचं. तोवर मूळ कागद फायलीत लावायचा नाही, हातात धरून बसायचं. तुम्ही किती जन्म-मरणं त्या एका वाक्यावर तोललीत: पलीकडून परत आल्याशिवाय गेली म्हणू नये.

हेच तुम्ही यंत्राला शिकवलंत. जागेसाठी भांडणाऱ्या आमच्या समितीने ठरवलं की आपली यादी आपण करायची आणि सुनावणीत ठेवायची, तेव्हा प्रोग्राम तुम्ही लिहिलात. पुण्या-मुंबईत नाही, विकत आणून नाही. मारुती आळीतल्या टायपिंगच्या क्लासात, सकाळची पहिली बॅच सुटल्यावर, पाठकोऱ्या कागदांवर. त्याचा मला केवढा अभिमान आहे, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, अभिमान नंतर कर, आधी पूर्णगडची पानं लाव.

तुमचा प्रोग्राम जुन्या यादीला हात लावत नसे. नवी यादी वेगळी लिही. बंद कर. बंद झाली का विचार. मग ती फ्लॉपी यंत्राच्या पहिल्या खणातून काढ, दुसऱ्या खणात घाल आणि तिथून वाच. नाव न नाव जुळलं तरच जुनी पूस आणि नवीला तिची जागा दे. नाही जुळलं तर थांब आणि सांग. आणि काय सांगायचं तेही तुम्ही मराठीत, इंग्रजी अक्षरांत घालून ठेवलं होतं: ‘लिहिलं गेलं नाही. जुनी यादी शाबूत आहे. फ्लॉपी बदला.’ काय झालं, काय शाबूत राहिलं, आता काय करायचं. तीन वाक्यं. आमच्या पत्रकांनाही इतकं नेमकं लिहिता येत नाही.

फ्लॉपी एका खणातून दुसऱ्यात घालायच्या त्या प्रकाराला मी सोवळं म्हणायची. आठवतं? त्याच खणातून का नाही वाचायची, म्हणून मी तुमच्याशी वाद घातला होता. तुम्ही म्हणालात, तिथूनच विचारलं तर यंत्र चकती न बघता आपल्या आठवणीतलंच सांगेल. आपल्याच कानात आपलीच तार वाजवून काय उपयोग, ती पलीकडून यायला हवी. मी म्हटलं, तोवर सुनावणी होऊन जाईल. तुम्ही म्हणालात, “होऊ दे गो पुढारीणबाई. चुकीची यादी वेळेवर नेण्यापेक्षा ते बरं.” हे मला आजही पटलेलं नाही. वेळ गेल्यावर बरोबर असून काय करायचंय? पण ते भांडण आता मी एकटीच भांडणार.

दुसरंही एक भांडण राहिलं. मी म्हणायची, यंत्राने विचारलं होतं ना, दुर्लक्ष करू का म्हणून? मग कुणाच्या तरी बोटाने ते बटण दाबलं. त्या बोटाला नाव आहे. ते नाव पत्रकात यायला पाहिजे. तुम्ही म्हणायचात, असा प्रश्न त्या गरीब कारकुनाला विचारायचाच कशाला? त्याचा चहा निवतोय, साहेब मागे उभा आहे, त्याला चकतीतलं काय कळतं? दोष प्रश्न विचारून मोकळा होणाऱ्याचा. मी म्हणायची, मास्तर, तुम्ही सगळ्यांना सोडता. तुम्ही म्हणायचात, मी कुणालाच सोडत नाही, मी फक्त योग्य जागी धरतो. बोट की प्रश्न, यावर आपण महिनाभर भांडलो. आणि त्या महिन्याच्या अखेरीस, मास्तर, बोट माझं निघालं.

आता ती गोष्ट.

सुनावणीला आठ दिवस होते. तुम्ही सिव्हिल हॉस्पिटलात छातीची ईसीजीची पट्टी काढायला गेला होता. क्लासात मी एकटी, आणि दारात चंद्रभागाकाकी येऊन बसलेली. आपल्या यादीसाठी भरून घेतलेले पूर्णगडचे सगळे अर्ज माझ्याजवळ होते, त्यांना रेशनकार्डं जोडलेली, आणि बायकांना ती परत हवी होती. मी शेवटचं नाव भरलं. फ्लॉपी दुसऱ्या खणात घातली. पडद्यावर आलं: लिहिलं गेलं नाही. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा तेच. कोरी फ्लॉपी तुमच्या कपाटात आणि किल्ली तुमच्या खिशात. बाहेर काकी विचारतेय, झाला काय गो, माजी गाडी जाईल. आणि मी, जिने महिनाभर बोटांची नावं मागितली, मी काय केलं? प्रोग्राम उघडून त्यातल्या ताडून बघायच्या ओळीपुढे शेऱ्याची खूण टाकली. तशी खूण असली की यंत्र ती ओळ न करता पुढे जातं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मग प्रोग्राम निमूट पुढे गेला. नवी यादी खरी धरली, जुनी पुसली, आणि म्हणाला, पूर्ण. मी काकीला अर्जांचा गठ्ठा दिला आणि म्हटलं, झालं, घेऊन जा.

कचेरीच्या प्रोग्रामला होय महाराजा म्हणणं शिकवावं लागलं नव्हतं. तुमच्याला मी शिकवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. पूर्णगडची यादी उघडलीत. निम्म्यापर्यंत नावं, आणि पुढे नुसता अक्षरांचा चिखल. तुम्ही प्रोग्राम उघडून वरून खाली वाचत गेलात. त्या ओळीवर आलात. मी शेजारी उभी होते. उठलात, टाइपरायटरवर कोरं स्टेन्सिल चढवलंत आणि खुर्ची माझ्याकडे सरकवलीत.

“बस. लिही. आमची नावं कुणी गिळली?”

मास्तर, मला आजवर पोलिसांनी दम दिलाय, पत्रकं वाटताना लोकांनी पाणी फेकलंय. त्या खुर्चीइतकी भीती मला कशाची वाटली नाही. मी बसले नाही. तुम्ही स्टेन्सिल काढून जपून परत पाकिटात घातलंत आणि म्हणालात, चल, पूर्णगडची गाडी कितीची आहे बघ.

त्या छातीने तुम्ही एसटीने पूर्णगडला आलात. पावसाने उघडीप दिली होती आणि बायकांनी किनाऱ्यावर मासे पसरले होते. सगळ्या गोळा झाल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, मशीन बिघडलं, यादी गेली, पुन्हा नावं द्यावी लागतील. मशीन बिघडलं. हे माझे शब्द. तुम्ही माझ्या शेजारी मान खाली घालून उभे होता. एका शब्दाने मला खोटं पाडलं नाहीत. उलट तुम्हीच हात जोडलेत आणि म्हणालात, माफ करा, तुम्हाला दुसऱ्यांदा तसदी.

अर्ज कुणी पत्र्याच्या पेटीत ठेवले होते, कुणी कौलाखाली खोचले होते आणि पावसात लगदा झाले होते. तुम्ही एका उलट्या टोपलीवर बसलात आणि नावं घेऊ लागलात. एक नाव लिहिलंत की मोठ्याने वाचत होता. दोन-तीन नावं झाल्यावर मागून एकीने सूर लावला, व्हय म्हाराजा. लगेच सगळ्या जणी हसत हसत लागल्या, प्रत्येक नावामागे व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. तुम्हीही हसलात. मग पेन खाली ठेवलंत.

“असं नाही चालणार,” तुम्ही म्हणालात. “मी वाचेन, मग जिचं नाव तिनेच उठून म्हणायचं. आख्खं. नवऱ्याचं, आडनावासकट. मी लिहिलेलं आणि तिने म्हटलेलं जुळलं, तर लिहिलं गेलं.”

नवऱ्याचं नाव? आमच्याकडे अजून कितीतरी बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलंच तर लग्नातल्या उखाण्यात. मग चंद्रभागाकाकी उठली. पदर खोचला, आणि आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, असं तिन्ही इतक्या मोठ्याने म्हणाली की माशांवर टपलेले कावळे उडाले. तुम्ही कागदावर बोट फिरवलंत आणि म्हणालात, जुळलं. त्यानंतर एकेक उठत गेली. कुणी लाजत, कुणी उखाण्यात गुंफून, एकीने शेजारणीच्या कानात सांगून शेजारणीकडून म्हणवून घेतलं, तर तुम्ही तिलाही परत उठवलंत. मी सभा पुष्कळ पाहिल्या आहेत, माझ्या घोषणांना हजार गळे जोडलेले ऐकलेत. पण त्या किनाऱ्यावर एकेका बाईने एकट्याने उभं राहून आपलं आख्खं नाव म्हटलं, तसं मी काही ऐकलेलं नाही.

दोन घरं राहिली. अर्ज भिजून वाचता येईनात आणि घरची माणसं मुंबईला. मला वाटलं, शेजाऱ्यांना विचारून टाकू काहीतरी. तुम्ही नाही म्हणालात. यादीच्या तळाशी स्वतंत्र ओळ घातलीत: ‘दोन घरांची नोंद झालेली नाही. कागद भिजलेले, माणसं गावी नाहीत. घरं आहेत.’

ती ओळ बघून मी डोकं धरलं. सुनावणीत आपणच आपल्या हाताने काठी द्यायची? आणि झालं तसंच. साहेबांनी आपल्याच यादीची बाजू घेतली, कचेरीच्या यंत्राने काम पूर्ण दाखवलंय म्हणाले, आमची यादी उलटसुलट केली, आणि शेवटच्या ओळीवर येऊन हसले. म्हणाले, म्हणजे तुमचीही यादी अपुरीच की. आमचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तोच तुम्ही उठलात. आवाज चढवला नाहीत. तो तुम्हाला चढवता येतच नव्हता.

“हो साहेब, अपुरी आहे. किती अपुरी ते खाली लिहिलंय. तुमची किती अपुरी आहे, ते तुमच्या यादीत कुठे लिहिलंय तेवढं दाखवा.”

साहेबांनी आपला कागद उघडला. ‘चंद्रभा’ आणि त्याखाली ‘काम पूर्ण’. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि कारकुनाला बोलावून हळू आवाजात काही विचारलं. चंद्रभागाकाकी मागच्या बाकावरून न विचारता उठली आणि आपलं आख्खं नाव म्हणाली. कुणी तिला बस म्हटलं नाही.

ती यादी मागे घेतली गेली. नव्या यादीत पूर्णगडची सगळी घरं आली, ती दोन घरंही. आणि आता त्या कचेरीच्या यादीखालीही एक ओळ असते: नोंद न झालेली घरं. कुणाची कल्पना म्हणून विचारलं, तर कारकून म्हणतो, पहिल्यापासूनच आहे. असू दे. मला ठाऊक आहे. आता ते वाचणाऱ्यांनाही ठाऊक झालं.

तुम्ही शेवटपर्यंत त्या खुर्चीचा विषय काढला नाहीत. मीही नाही. रोज वाटायचं, आज सांगावं. की मास्तर, बोट माझं होतं, आणि वर मी त्या बायकांना खोटं सांगितलं. आणि रोज तुम्ही विचारायचात, काय गो, आज कुणाला धारेवर धरणार? मी कुणाचं तरी नाव सांगायची. माझं सोडून.

म्हणून लिहून होताच मी पूर्णगडला गेले. हे सगळं, इथपर्यंत, चंद्रभागाकाकीला वाचून दाखवलं. ती किनाऱ्यावर वाळत घातलेले मासे परतत होती. मशीन बिघडलं नव्हतं काकी, मी बिघडवलं होतं, हे वाचताना माझा आवाज फाटला. ती हात न थांबवता म्हणाली, “म्हायती हुता. मशीन बिगाडला असता तर मास्तर मान खाली घालून कशाला हुबे ऱ्हायले असते? त्यांना तुजी लाज राखायची हुती.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “सांगितलंस ना आता? मग रडतंस काय. त्या कडचे बांगडे परत.”

मी परतले. एकेक बांगडा उचलून, उलटून, ठेवत गेले. उन्हात त्याचा खारट वास हातांना लागला, तो अजून आहे.

मास्तर, तुमचा प्रोग्राम आता मी चालवते. ती खूण मी त्या दिवशीच काढली होती. परत टाकणार नाही, गाडी सुटली तरी. स्टेन्सिलचं ते कोरं पान पेठेबाईंच्या कपाटात तसंच होतं. आज ते मीच टाइपरायटरवर चढवलं आणि मथळा कापला. त्या दिवशी तुम्ही सांगितला होता तोच: ‘आमची नावं कुणी गिळली?’ त्याखाली माझं नाव, आख्खं.

हे पत्रक छापून झालं की गावोगाव वाटू. लोक म्हणतील, मास्तरांपर्यंत पोचलं असेल. मी म्हणणार नाही. तुमचाच नियम आहे. मी मोठ्याने वाचलं, आणि पलीकडून परत आलेलं नाही. मूळ कागद हातात धरून बसले आहे.